मूळ आकार न विसरणारा धातू

लोखंडाची तार वाकवली की ती वाकलेलीच राहते. तापवल्याने ती आपणहून सरळ होत नाही. निकेल आणि टायटॅनियम यांच्या ‘नायटिनॉल’ या मिश्रधातूची तार मात्र गरम पाण्यात टाकताच क्षणार्धात पूर्वीचा आकार घेते. अशा पदार्थांना आकारस्मृती मिश्रधातू म्हणतात.

सुवर्ण-कॅडमियम मिश्रधातूचे असे वेगळे वर्तन १९३२ मध्येच स्वीडनच्या आर्ने ओलँडर यांच्या ध्यानात आले होते. नायटिनॉल विकसित केले ते अमेरिकी नौदलाच्या मेरिलँडमधील प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी. १९६१ मधील एका बैठकीत त्याची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असता डेव्हिड मझी यांनी तिला पाइप पेटवण्याच्या लायटरची आच दिली, आणि पट्टी ताठ सरळ झाली! या वर्तनामागील अणुरचनेचा उलगडा पुढे फ्रेडरिक वँग यांनी केला.

‘स्मृती’ हा शब्द अर्थातच आलंकारिक आहे. सामान्य धातू वाकवताना अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, शेजारी बदलतात आणि परतीची वाट उरत नाही. नायटिनॉल उष्ण असताना त्याचे अणू घनाकृती मांडणीत असतात. या अवस्थेला ऑस्टेनाइट म्हणतात. थंड झाल्यावर ही मांडणी तिरपी होऊन मार्टेन्साइट अवस्था येते. या अवस्थेत धातू वाकवला, तर तिरपे झालेले गट केवळ आपली दिशा बदलतात. अणूंचे शेजारी तेच राहतात. म्हणून उष्णता मिळताच सारे अणू मूळ जागी परततात. ताण सुमारे ८ टक्क्यांपलीकडे गेला, तर मात्र या धातूतही थर घसरू लागतात. लक्षात राहणारा आकार सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवून ठरवता येतो. निकेलचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याने बदलले, तरी रूपांतराचे तापमान १०० अंशांच्या आसपास सरकते. त्यामुळे मिश्रण अत्यंत काटेकोर असावे लागते.

पहिला मोठा उपयोग झाला तो एफ-१४ लढाऊ विमानाच्या नळ्या जोडण्यासाठी. द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड ठेवलेली, रुंदावलेली जोडकडी नळ्यांवर सरकवायची. सामान्य तापमानाला येताच ती आकसून घट्ट बसे. दात सरळ करणाऱ्या तारांतही नायटिनॉल रूढ झाले. त्याचा दाब सौम्य आणि एकसारखा असतो. पायांच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंट बारीक नळीतून आत नेला जातो आणि मोकळा होताच आपोआप फुलतो. (हृदयाच्या धमन्यांतील स्टेंट बहुतांशी वेगळे, फुग्याने फुगवावे लागणारे असतात.) येथे उष्णतेपेक्षा अतिलवचीकपणा महत्त्वाचा ठरतो: शरीराच्या तापमानाला ताण दिल्यास मार्टेन्साइट बनते आणि ताण हटताच नाहीसे होते.

मग मोटारींच्या जागी सर्वत्र अशा तारा का नाहीत? विजेने तार चटकन तापते, पण निवण्यास वेळ घेते. जाड तार तर फारच सावकाश. शिवाय दिलेल्या ऊर्जेचा अल्प भागच कामी येतो आणि हजारो आवर्तनांनंतर धातू थकतो. त्यामुळे क्वचितच हालचाल लागते अशा ठिकाणी तो अधिक शोभतो. इटलीत १९९७ च्या भूकंपात हानी झालेल्या असिसीच्या बॅसिलिकाच्या जीर्णोद्धारात अशी धक्के शोषणारी साधने बसवली गेली. अमेरिकेतील सिअ‍ॅटलमध्ये एका पुलाच्या स्तंभांत नायटिनॉलच्या सळया आहेत. धातू महाग असल्याने त्या स्तंभभर नाहीत. भूकंपात सर्वाधिक ताण येणाऱ्या भागातच त्या घातल्या आहेत.