जावास्क्रिप्टचा अ‍ॅरे: एका घाईचा इतिहास

#थ्रेड

१/ जावास्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्याला लवकरच एक धक्का बसतो. १, ९, १० हे अंक अ‍ॅरेत ठेवून 'सॉर्ट' केले की क्रम लागतो १, १०, ९. शिकणारा स्वतःला दोष देतो. वस्तुतः या विचित्रपणाचे मूळ १९९६ सालात आहे.

२/ मे १९९५. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. नॅव्हिगेटर २.० बरोबर ती लोकांच्या हाती आली, तेव्हा तिच्यात अ‍ॅरे घडवण्याची स्वतंत्र सोयच नव्हती! यादी हवी असेल त्याने साधे ऑब्जेक्ट घ्यावे, त्याच्या गुणधर्मांना अंकांची नावे द्यावीत आणि लांबीचा हिशेब स्वतःच ठेवावा, असा मामला होता.

३/ ऑगस्ट १९९६ मध्ये नॅव्हिगेटर ३.० आला आणि त्याच्यासोबत अ‍ॅरे आला. पण तोही ऑब्जेक्टच्याच पायावर बांधलेला. म्हणून 'टाइपऑफ' विचारले तर आजही उत्तर मिळते 'ऑब्जेक्ट'. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. तीन घटकांच्या अ‍ॅरेत थेट १० व्या क्रमांकावर काही ठेवले, तरी भाषा तक्रार करत नाही: लांबी ११ होते आणि मधल्या जागा पोकळ राहतात. कारण लांबी म्हणजे घटकांची संख्या नव्हे, तर सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक. 'सॉर्ट' याच आवृत्तीतले. तुलनेचा नियम दिला नाही, तर ते अंकांनाही मजकूर समजते, आणि शब्दकोशाच्या न्यायाने १० हा ९ च्या आधी येतो.

४/ १९९७ च्या नॅव्हिगेटर ४ मध्ये पर्ल भाषेकडून उसनी घेतलेली मंडळी आली. 'पुश' शेवटी घालते, 'पॉप' शेवटचे काढते. 'अनशिफ्ट' आणि 'शिफ्ट' हेच काम आरंभी करतात. 'स्प्लाइस' मधोमध कात्री चालवते. डिसेंबर १९९९ च्या प्रमाणित आवृत्तीत त्यांना अधिकृत स्थान मिळाले.

५/ मग जुन्या चुका सुधारल्या का नाहीत? २०१८ चा प्रसंग पाहा. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे असल्यास ते सपाट करणारी 'फ्लॅटन' ही सोय भाषेत येणार होती. परंतु २००६ पासूनच्या मूटूल्स या ग्रंथालयाने त्याच नावाची स्वतःची सोय अ‍ॅरेवर चढवली होती. अ‍ॅरेवरील गणतीत दिसणाऱ्या सोयी ते आपल्या दुसऱ्या यादीवर उतरवून घेई. ब्राउझरच्या मूळ सोयी गणतीत दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरी ठेवली तरी ती अदृश्यच राहते. परिणामी नवी 'फ्लॅटन' येताच मूटूल्सच्या यादीतून ती गळू लागली आणि तिच्यावर विसंबलेली जुनी पाने मोडू लागली.

६/ बराच वाद झाला. कोणी थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवले! अखेर प्रमाण समितीने माघार घेतली आणि नाव ठरले 'फ्लॅट'. कधीच कोणी दुरुस्त न करणाऱ्या पानांसाठी भाषेने आपला शब्द बदलला. मला हा निर्णय योग्यच वाटतो. याच ग्रंथालयापायी २०१४ मध्ये 'कंटेन्स'चे 'इन्क्लूड्स' झाले होते.

७/ २०२३ मध्ये मूळ अ‍ॅरेला हात न लावता क्रम लावणारी 'टूसॉर्टेड' दाखल झाली. तिलाही तुलनेचा नियम सांगितला नाही, तर १ नंतर १० च येतो.