थंड चालणारे इंजिन

मोटारीचे इंजिन साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला नीट काम करते. दहा-पंधरा किलोमीटर धावूनही तापमानाचा काटा तळाशीच राहिला, तर इंजिन थंड चालत आहे असे समजतात.

हिवाळ्यातल्या पहाटे हा दोष बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यासारख्या डोंगराळ भागात लवकर जाणवतो, पण थंडी हे त्याचे मूळ नव्हे. मूळ बहुधा थर्मोस्टॅट वॉल्व्हमध्ये असते. त्यातले मेण तापून फुगले की वॉल्व्ह उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जाते. तो उघडा अडकला, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून थंड होत राहते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही गॅरेजांत वॉल्व्ह काढूनच टाकतात. हा उपाय घातक आहे: इंधन जास्त जळते, ऑइलमध्ये गाळ साचतो, सिलिंडर झिजतात.

निदान सोपे आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावावा, मात्र पंख्यापासून जपून. होज लगेच कोमट होऊ लागला, तर वॉल्व्ह उघडा आहे. होज बराच वेळ थंड राहून मग एकदम तापला आणि तरी काटा हलला नाही, तर सेन्सर किंवा काटा तपासावा. पंखा सतत फिरतो का, तेही पाहावे.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.