तारापूर आणि वेगाचा संयम

तारापुराचें नांव निघतांच इतिहासप्रेमी वाचकांस १७३९ सालचा वेढा आठवेल. चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर, बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेस, विसाव्या शतकांत दुसरा एक इतिहास घडला. त्याचें मर्म एका सूक्ष्म कणाच्या वेगांत आहे.

१९३२ सालीं चॅडविक यांनीं न्यूट्रॉनचा शोध लाविला. पुढें ऑक्टोबर १९३४ मध्यें रोम येथें फर्मी यांस असें आढळलें कीं, मेणांतून गाळून मंद केलेले न्यूट्रॉन वेगवान न्यूट्रॉनांहून अधिक परिणामकारक ठरतात. घाव जितका जोराचा तितका दगड लवकर फुटतो, हा आपला नित्याचा अनुभव; युरेनियमची रीत याच्या उलट आहे. फुटलेल्या अणुगर्भांतून सुटणारा न्यूट्रॉन सेकंदास सुमारें वीस हजार किलोमीटर धावतो. तोच वेग दोन किलोमीटरांच्या आसपास आणला, तर पुढील गर्भ फोडण्याची त्याची शक्यता शेंकडों पटींनीं वाढते.

हा वेग आवरावा कसा? वर्गांत आम्ही गोट्यांचा दाखला देतों. गोटी वरवंट्यावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगानें माघारी येते. समान वजनाच्या गोटीवर सरळ आपटली तर आपला वेग तिला देऊन थबकते. पाण्यांतील हायड्रोजनचा गर्भ न्यूट्रॉनच्याच वजनाचा असल्यामुळें सरासरी अठराएक टकरींत काम भागतें. मात्र साधें पाणी कांहीं न्यूट्रॉन गिळूनही टाकतें. नैसर्गिक युरेनियमच्या हजार अणूंत सहज फुटणारे अणू साताच्या आसपासच असतात. म्हणून ही तूट भरून काढण्यास समृद्ध युरेनियम लागतें. जड पाण्यास टकरी अधिक लागतात, पण तें न्यूट्रॉन फारसे गिळीत नाहीं. त्यामुळें नैसर्गिक युरेनियमही पुरतें. तथापि असा जड हायड्रोजन निसर्गांत सुमारें साडेसहा हजारांत एक, एवढाच सांपडतो.

पदार्थविज्ञानांतील ही लहानशी निवड राजकारणांत केवढी मोठी होते, हें तारापुरानें दाखविलें. १९६३ च्या करारान्वयें अमेरिकेनें येथील भट्ट्यांस समृद्ध इंधन पुरविण्याचें मान्य केलें, आणि १९६९ मध्यें साध्या पाण्याच्या दोन भट्ट्यांतून वीज निघूं लागली. १९७४ सालीं पोखरणचा स्फोट झाला. १९७८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला व इंधनाचा ओघ आटला. १९८२ मध्यें फ्रान्सनें पुरवठा पत्करला तेव्हां निभावलें. सौदा सोपा होता, परंतु किल्ली परक्याच्या हातीं होती.

जड पाण्याची विद्याही आरंभीं कॅनडाकडूनच आली. १९७४ नंतर तेंही साहाय्य थांबलें, तेव्हां आपल्या अभियंत्यांस ती आत्मसात करणें भाग पडलें. तिचें फळ म्हणजे तारापूर येथेंच उभारलेल्या, देशांत आंखलेल्या, प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या. त्यांपैकीं एक २००५ मध्यें व दुसरी २००६ मध्यें कार्यास लागली. एकाच आवारांत परावलंबनाचा व स्वावलंबनाचा असे दोन्ही धडे पाहावयास मिळावे, हा योग विरळा होय.

तथापि जमाखर्च येथेंच पुरा होत नाहीं. या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांस आपली भूमि सोडावी लागली, आणि पुनर्वसनाच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. समुद्राकांठचें घर सुटलें म्हणजे कोळ्याचें केवळ छप्पर जात नाहीं, त्याचा उद्योगही जातो. ज्या विद्येंत एकेका न्यूट्रॉनचा हिशेब चुकूं दिला जात नाहीं, त्या विद्येच्या धन्यांनीं या माणसांचा हिशेब तितक्याच दक्षतेनें ठेवावा, अशी अपेक्षा करणें आम्हांस गैर वाटत नाहीं. तारापूरचा इतिहास लिहितांना हें पान वगळतां येणार नाहीं.