ओळीच्या शेवटी उरलेली जागा

संगणकावर प्रश्नपत्रिका तयार करताना पडद्यावर मांडणीची चार चिन्हे दिसतात : मजकूर डावीकडे, मध्यभागी, उजवीकडे किंवा दोन्ही कडा सारख्या. आपल्यापैकी अनेकजण चौथे चिन्ह निवडतात. पान 'छापील पुस्तकासारखे' दिसते. पण मग एखाद्या ओळीत शब्द एकमेकांपासून फटकून उभे राहतात. तिसरीतले मूल शब्दांवर बोट ठेवून वाचत असेल, तर त्या मोकळ्या जागेशी अडखळू शकते. असे का होते? त्यासाठी आपण थोडे मागे, बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला जाऊ.

येथे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) राहत. पंचीकरण हा तत्त्वज्ञानाचा विषय समजावण्यासाठी त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर मजकूर लिहिला, आकृत्या काढल्या. हीच प्रसिद्ध 'पासोडी'. एवढ्या मोठ्या कापडावर लिहायचे, तर ओळ कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची हे ठरवावेच लागते. प्रत्येक लेखनिकापुढे हाच प्रश्न असे.

जुन्या पोथ्यांनी त्याचे उत्तर सोपे केले होते. पानाच्या दोन्ही बाजूंना समासाच्या उभ्या रेघा आखत. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत सहसा नव्हती. उजवी रेघ आली की लेखनिक थांबे आणि त्याच शब्दाचे पुढचे अक्षर खालच्या ओळीत लिही. थोडी जागा उरलीच तर एखादा दंड काढून ती भरून टाकी. कडा सरळ राहत; मात्र शब्द कुठे तुटतो हे ओळखण्याचे काम वाचणाऱ्यावर पडे.

१९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते. त्यामुळे डावी कडा सांभाळावी लागते. ही लिपी जोडून लिहिली जात असल्याने कातिब, म्हणजे सुलेखनकार, काही अक्षरांचा फटकारा लांबवून ओळ पुरी करू शकतो. येथे उरलेली जागा अक्षराच्याच पोटात जाते.

छपाई आली आणि प्रश्नाचे रूप बदलले. युरोपात गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले, तेव्हा कडा जुळवण्यासाठी त्याने शब्दांची संक्षिप्त रूपे वापरली. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक ओळ घट्ट बसावी लागते, नाहीतर खिळे निसटतात. म्हणून कवितेच्या आखूड ओळीपुढेही जुळारी शिशाचे कोरे ठोकळे भरत असे. गद्यात तो शब्दांमध्ये पातळ-जाड पट्ट्या घाली आणि गरज पडली तर संयोगचिन्ह देऊन शब्द तोडी. प्रत्येक ओळीचा निर्णय तो डोळ्यांनी पाहून घेई.

संगणक हेच काम क्षणात करतो, पण मराठी शब्द तो बऱ्याचदा तोडत नाही. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. 'विद्यार्थ्यांपर्यंतसुद्धा' हा एकच शब्द! तो ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो आणि मागे मोठी जागा उरते. समजा, १२ मिलिमीटर जागा उरली. ओळीत सात शब्द असतील तर सहा फटी. प्रत्येकीच्या वाट्याला २ मिलिमीटर. अरुंद रकान्यात तीनच शब्द असतील तर फटी दोन. प्रत्येकीला ६ मिलिमीटर! शिरोरेषेने बांधलेल्या आपल्या लिपीत हे खिंडार लगेच डोळ्यांत भरते.

थोडक्यात, उरलेली जागा नाहीशी होत नाही; ती कुठेतरी ठेवावीच लागते. पोथीने ती तुटलेल्या शब्दात लपवली, कातिबाने अक्षरात, जुळाऱ्याने फटींत. डावीकडे जुळवलेल्या मजकुरात ती उजव्या कडेला उघडी राहते आणि शब्दांमधले अंतर मात्र सगळीकडे सारखे राहते. रुंद पानाच्या पुस्तकाला दोन्ही कडा सारख्या शोभतात. पण लहान मुलांचा स्वाध्याय, दोन रकान्यांची प्रश्नपत्रिका किंवा भित्तिपत्रक असेल, तर डावी मांडणीच बरी, असे आम्हाला वाटते.

वर्गात हे करून पाहता येईल. एकच परिच्छेद चौकटीच्या कागदावर मुलांना तीन प्रकारे लिहू द्या : जागा न सोडता, कडा जुळवून आणि डावीकडून. मग वह्या बदलून मोठ्याने वाचायला सांगा. कोण कुठे अडखळते, ते फळ्यावर नोंदवा. कोणती मांडणी चांगली, हे मुलेच सांगतील.