अकरा पौंड दहा शिलिंग

दर वर्षीं जून-जुलईच्या सुमारास आमच्या घरीं एक भेट जणूं ठरलेलीच असते. डॉक्टरेटसाठीं परदेशीं निघालेला एखादा जुना विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. बरोबर त्याचे वडील असतात. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि मग वडील हळूच विषय काढतात, "तिकडचें विद्यापीठ अमुक विद्यावेतन देणार आहे. सर, काटकसरीनें राहिलें तर त्यांतून दरमहा कांहीं शिल्लक पडेल ना?" मुलगा खालीं पाहूं लागतो. वस्तुतः प्रश्नांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. ज्या घरानें मुलाच्या शिक्षणासाठीं आपल्या हौशी गुंडाळून ठेवल्या, त्या घरास हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्याचें उत्तर मला एका आंकड्यांत देतां येत नाहीं. म्हणून मी त्यांना एका विद्यार्थ्याचा जमाखर्च सांगतों. आज तोच वाचकांपुढें मांडीत आहें.

हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. फेब्रुवारी १९१३ मध्यें त्यांचे वडील वारले. त्याच वर्षाच्या जुलई महिन्यांत ते न्यूयॉर्कला उतरले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना कोलंबिया विद्यापीठांत अध्ययनासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची, म्हणजे अकरा पौंड दहा शिलिंगांची शिष्यवृत्ति दिली होती. त्या वेळीं पौंडास पंधरा रुपये पडत. त्या हिशेबानें ही रक्कम एकशें साडेबहात्तर रुपये होते. अमेरिकन चलनांत सुमारें छपन्न डॉलर. तिच्या मोबदल्यांत परत आल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीं लिहून दिला होता. म्हणजे ही निव्वळ देणगी नव्हती. पुढच्या दहा वर्षांच्या श्रमांवर काढलेली ती उचल होती.

मुंबईच्या चाळींत एकशें बहात्तर रुपये ही रक्कम मोठी वाटली असती. न्यूयॉर्कमध्यें मात्र त्याच छपन्न डॉलरांत राहणें, जेवण, कपडे आणि पुस्तकें हें सर्व भागवावयाचें होतें. शिवाय त्यांतूनच कांहीं भाग काढून पत्नी रमाबाई व घरचीं माणसें यांच्यासाठीं मुंबईस पाठवावयाचा होता. पहिले कांहीं महिने मित्रमंडळींत व खेळांत गेले असें चरित्रकार सांगतात, आणि मला तें वाचून बरें वाटतें. बावीस वर्षांच्या तरुणाला, ज्या नगरांत आपली जात कोणी विचारीत नाहीं, सर्वांबरोबर एका टेबलाशीं बसून जेवतां येतें, अशा ठिकाणीं चार दिवस नुसता मोकळा श्वास घ्यावासा वाटला तर नवल काय! परंतु लवकरच वृत्ति पालटली. नाटकें, सहली, उपाहारगृहें हीं सर्व सुटलीं आणि पोटाला लागेल तेवढेंच खाऊन उरलेला वेळ ग्रंथालयांत जाऊं लागला.

आतां या काटकसरीची शिल्लक कोठें जमा झाली तें पाहूं. त्यांनीं घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पांच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन. आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक! पदवीसाठीं इतक्याची गरज नव्हती. परंतु ज्याला पुन्हां या दारांत येतां येईल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं, तो भांडें भरून घेतो. १९१५ मध्यें त्यांना एम. ए. मिळाली, मे १९१६ मध्यें हिंदुस्थानांतील जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध एका परिसंवादांत वाचला गेला, त्याच वर्षीं हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध तयार झाला. आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले. जेवणांतून वांचविलेला डॉलर त्यांनीं बँकेंत ठेविला नाहीं. तो पुस्तकांच्या कपाटांत ठेविला.

या ठेवीचें पुढें काय झालें? ते दोन हजार ग्रंथ त्यांनीं हिंदुस्थानांत आणण्यासाठीं एका परिचिताच्या स्वाधीन केले. त्यांतले थोडेच त्यांच्या हातीं आले. स्वतः भीमराव १९१६ मध्यें लंडनला गेले, ग्रेज इनमध्यें व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्यें, अभ्यास अर्धवट टाकून, परतावें लागलें. महायुद्ध चालूं होतें. ते ज्या बोटीनें निघाले ती सुखरूप पोंचली. त्यांचें सामान ज्या बोटीवर होतें ती पाणतिराच्या माऱ्यानें बुडाली. नुकसानभरपाई म्हणून सहाशें रुपये मिळाले. परदेशांतील चार वर्षांच्या काटकसरीची रोकड म्हणावी तर ती एवढीच, आणि तीही बुडालेल्या सामानाची किंमत!

त्याच पैशांतून ते करार पाळण्यासाठीं बडोद्यास गेले. अकौंटंट जनरलच्या कचेरींत त्यांना उमेदवार म्हणून दरमहा दीडशें रुपयांवर नेमण्यांत आलें. वाचकांनीं हा आंकडा पूर्वीच्या आंकड्याशीं ताडून पाहावा. विद्यार्थी म्हणून मिळत होते त्याहून हे साडेबावीस रुपयांनीं कमी होते. परंतु खरी अडचण पगाराची नव्हती. कोलंबियाचा पदवीधर बडोद्याच्या रस्त्यांतून राहण्यासाठीं जागा शोधीत हिंडला आणि ती त्याला मिळाली नाहीं. अखेर एका पारशी धर्मशाळेंत, पारशी नांव लावून, रोजच्या दीड रुपयावर त्यांनीं आसरा घेतला. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले लोक दारांत येऊन उभे राहिले. त्यांना खोली सोडावी लागली. हिंदु व ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे विचारणा केली, तेथेंही दार उघडलें नाहीं. संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत त्यांनीं तो दिवस एका सार्वजनिक बागेंत काढला आणि रात्रीं मुंबईची गाडी धरली. हा सर्व प्रसंग त्यांनीं पुढें स्वतः लिहून ठेविला आहे.

न्यूयॉर्कमध्यें जी वस्तु छपन्न डॉलरांतील थोड्या भागांत मिळत होती, म्हणजे चार भिंती व एक छप्पर, ती आपल्या देशांत दीडशें रुपयांतही मिळाली नाहीं. काटकसरीचें शास्त्र शिकविणारांनीं हें विसरूं नये. पैसा वांचविण्याचें कौशल्य माणसाच्या हातीं असतें. तो पैसा कोठें चालावा हें समाजाच्या हातीं असतें.

आणि तरीही त्यांनीं पुन्हां पै-पै जोडण्यास आरंभ केला. नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत ते साडेचारशें रुपयांवर अध्यापक झाले. पगार तिप्पट झाला. राहणें मात्र परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळींतील दोन खोल्यांतच राहिलें. त्या शिलकींत कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचें पांच हजारांचें कर्ज मिळवून जुलई १९२० मध्यें ते लंडनला परतले. ज्या समाजांतील कांहीं माणसांनीं बडोद्यांत काठ्या उगारल्या, त्याच समाजांतील एका माणसानें थैली पुढें केली, हीही जमेची बाजू हिशेबांत धरली पाहिजे.

लंडनमधील दिनक्रम चरित्रांतून वाचावयास मिळतो. सकाळीं पावाचा तुकडा, थोडा मासा व बॉव्हरिलचा पेला. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचें ग्रंथालय गांठावयाचें तें बंद होईपर्यंत तेथें बसावयाचें. दुपारचें जेवण नाहीं. संध्याकाळीं पुन्हां बॉव्हरिल व बिस्किटें. रात्रीं दहाच्या सुमारास भूक असह्य झाली म्हणजे एका गुजराती स्नेह्यानें दिलेल्या पापडांतले चार पापड पत्र्याच्या थाळींत भाजावयाचे, वर पेलाभर दूध, आणि पुन्हां वाचन.

यांत आणखी एक चमत्कारिक योग होता. १९२० च्या आरंभीं रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर गेला होता. सरकारनें कायदा करून दोन शिलिंग हा दर ठरविला. बाजारानें तो मानला नाहीं, आणि १९२१ मध्यें रुपया सोळा पेन्सांच्याही खालीं घसरला. दोन शिलिंगांच्या भावानें पांच हजार रुपयांचे पांचशें पौंड होतात. सोळा पेन्सांच्या भावानें तेच तीनशें तेहतीस. रुपयांत कर्ज काढून पौंडांत जेवणारा विद्यार्थी जागेवर बसल्या बसल्या एकतृतीयांशानें गरीब होतो! भीमराव त्या वेळीं जो प्रबंध लिहीत होते त्याचा विषय नेमका हाच होता: रुपयाचा प्रश्न. चलनाच्या किंमतीची स्थिरता ही केवळ व्यापाऱ्यांची व सरकारची बाब नाहीं, हें त्यांना पुस्तकाबाहेरही दिसत असलें पाहिजे.

मार्च १९२३ मध्यें परीक्षकांनीं प्रबंध पुन्हां लिहून मागितला. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईस परतले, येथें बसून प्रबंधाची पुनर्रचना केली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं डी. एससी. मिळाली. कोलंबियाची कथा याहून लांबली. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्यावांचून डॉक्टरची पदवी द्यावयाची नाहीं असा तेथील तेव्हांचा नियम होता. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्यें छापून निघाला आणि पीएच. डी. मिळाली ती १९२७ मध्यें. न्यूयॉर्क सोडल्याला तेव्हां अकरा वर्षें झालीं होतीं. तो ग्रंथ त्यांनीं सयाजीराव महाराजांस अर्पण केला.

एक रकाना मात्र आपण बहुधा कोरा ठेवतों. लंडनची उपासमार प्रसिद्ध झाली. परळची झाली नाहीं. तिकडे एक पेला दुधावर रात्र निघत होती, तेव्हां इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या. त्यांच्या हातीं त्या मोबदल्यांत कोणतीही पदवी पडावयाची नव्हती. त्या १९३५ मध्यें वारल्या. १९४० मध्यें पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ भीमरावांनीं त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि विपन्नावस्थेंत त्यांनीं दिलेल्या सोबतीचा तेथें कृतज्ञतेनें उल्लेख केला. हिशेब फेडला गेला असें मी म्हणणार नाहीं. निदान तो लिहिला गेला.

लंडनच्या किंग हेन्री मार्गावरील ज्या घरांत १९२१-२२ च्या सुमारास ते भाड्यानें राहत, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें सुमारें एकतीस लाख पौंड देऊन विकत घेतलें. साडेअकरा पौंडांच्या मासिक वेतनापासून सुरू झालेल्या जमाखर्चाची ही एक नोंद आहे खरी. परंतु व्याजाच्या कोणत्याही दरानें ती समजावून सांगतां येणार नाहीं.

हें सर्व ऐकून घेतल्यावर यंदाच्या त्या वडिलांनीं विचारलें, "म्हणजे मुलानें उपाशी राहावें असें आपलें म्हणणें?" मी म्हटलें, "मुळींच नाहीं. भीमरावांपुढें दुसरा मार्ग नव्हता. उपवास हा त्यांचा गुण नव्हे, आपल्या समाजाची ती नामुष्की आहे. आपल्या मुलानें दोन वेळां पोटभर जेवावें. काटकसर जरूर करावी, पण शिल्लक कशांत धरावयाची हें आधीं ठरवावें. आणि दरमहा घरीं किती पाठवावयाचे तें आज, येथेंच, आईला विचारून ठरवा."

मुलानें तेव्हां प्रथमच मान वर केली. आई बरोबर आल्या नव्हत्या.