अधिकाऱ्यांचें शिक्षण आणि रयतेची भाषा

राज्यकारभार ही शिकून घ्यावयाची विद्या आहे, हा विचार आपल्याकडे आजचा नव्हे. नांदेड-लातूरच्या भूमीवर त्याचा प्रयोग निजामी अमदानींतच झाला. त्याचें यश थोडें नव्हतें. पण त्यांतील उणीवही तितकीच बोधप्रद आहे.

१८५३ सालीं पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले, तेव्हां मुलखाची वसुली बहुतांशीं मक्तेदारांच्या हातीं होती. मक्ता घेणाऱ्यास रयतेचें हित पाहण्याचें कारणच नसे. सालारजंगांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी केली आणि पगारी तालुकदार व तहसीलदार नेमिले. परंतु नुसत्या पगारानें माणूस जाणता होत नाहीं. जाणतीं माणसें संस्थानांत पुरेशीं नव्हतीं, म्हणून तीं उत्तर हिंदुस्थानांतून आणविलीं. मुल्की व गैरमुल्की हा वाद या भरतींतूनच वाढला. पुढें १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणाची सोय घरींच केली. मात्र माध्यम उर्दू ठेविलें.

परिणाम असा झाला कीं, गांवचा पटवारी दप्तर मराठींत ठेवी आणि वरची कचेरी उर्दूंत चाले. नांदेडच्या कुणब्यास स्वतःच्या जमिनीविषयींचा हुकूम दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. याच्या उलट, कलकत्त्यास १८०० सालीं निघालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या गोऱ्या नोकरांस मराठी शिकवीत, व तेथील अध्यापक विल्यम केरी याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं प्रसिद्ध झालें. ही कंपनीची कळकळ नव्हे, व्यवहार होता. पण तेवढा व्यवहारही स्वदेशी दरबारास साधला नाहीं.

१९४८ सालीं निजामी संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. त्याच वर्षीं हैदराबादेंत, बेला व्हिस्टा या जुन्या राजवाड्यांत, अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघालें. त्याचा नमुना इंग्लंडांतील हेन्लीचा होता. नवस्वतंत्र देशांस अशा संस्थांची गरज होती, यांत शंका नाहीं. परंतु उर्दूच्या जागीं इंग्रजी आली, एवढ्यानें रयतेचें अंतर कमी होतें काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारी भूकंपानें उद्ध्वस्त झाली. गांवें नव्यानें वसवितांना जागा कोठें घ्यावी, घर कसें असावें, हें गांवकऱ्यांस विचारल्यावांचून भागण्यासारखें नव्हतें. हिशेब, कायदा, नियोजन हीं विद्यालयांत शिकतां येतात. रयतेचें म्हणणें तिच्याच बोलींत ऐकून घेणें, हा त्या विद्येचा पहिला धडा होय. सालारजंगांच्या सुधारणेंत नेमका तोच राहून गेला होता.