ट्विस्टीज

हवेत गिरकी घेत असताना खेळाडूचे दिशेचे व स्वतःच्या शरीरस्थितीचे भान अचानक हरपणे, या अवस्थेस जिम्नॅस्टिक्समध्ये ट्विस्टीज म्हणतात. हे खेळाडूंच्या बोलीतील नाव असून वैद्यकीय निदान नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने याच कारणास्तव माघार घेतल्यावर ही संज्ञा जगभर परिचित झाली.

स्वरूप

कोलांटउडीत शरीर आडव्या अक्षाभोवती, तर गिरकीत उभ्या अक्षाभोवती फिरते. दोन्ही क्रिया एकाच वेळी करताना विचारास अवधी नसतो. दीर्घ सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल आपोआप घडते. ट्विस्टीजमध्ये हा आपोआपपणा मोडतो. जमीन कोणत्या दिशेला आहे हे खेळाडूस उमगत नाही. गिरकी अर्धवट राहते किंवा नको असता सुरू होते. मानेवर वा डोक्यावर आपटण्याचा धोका असल्याने केवळ निर्धाराच्या बळावर कसरत पूर्ण करणे घातक ठरू शकते. मऊ पृष्ठभागावर सोप्या हालचालींपासून पुन्हा सराव करून खेळाडू हळूहळू सावरतात.

टोकियो ऑलिंपिक

२७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत बाइल्सने व्हॉल्टवर अडीच गिरक्या योजल्या होत्या. प्रत्यक्षात दीडच झाली. तिने उर्वरित प्रकारांतून माघार घेतली व अमेरिकी संघास रौप्यपदक मिळाले. पुढे तिने चार वैयक्तिक अंतिम फेऱ्याही सोडल्या. ३ ऑगस्टला बॅलन्स बीमवर, शेवटच्या उडीतील गिरकी वगळून, तिने कांस्यपदक जिंकले.

मानसिक आघाताची पार्श्वभूमी

अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने केलेल्या लैंगिक अत्याचारास आपणही बळी पडल्याचे बाइल्सने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात नासरला मिशिगनमधील न्यायालयाने ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. सप्टेंबर २०२१ मध्ये सिनेट समितीपुढे साक्ष देताना, त्या अत्याचाराचे परिणाम अद्याप संपलेले नाहीत, असे बाइल्सने सांगितले. एखाद्या प्रसंगीच्या ट्विस्टीजचा संबंध एकाच कारणाशी जोडणे मात्र कठीण असते.

माघारीचे महत्त्व

बाइल्सच्या निर्णयावर दुबळेपणाची टीका झाली, तसेच त्याला व्यापक पाठिंबाही लाभला. खेळाडूच्या ‘नाही’कडे दुर्लक्ष झाल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून १९७८ ची विश्वविजेती, सोव्हिएत जिम्नॅस्ट येलेना मुखिना हिचे नाव घेतले जाते. पायाची दुखापत पूर्ण बरी झालेली नसताना, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपूर्वी, तिच्याकडून अवघड उडीचा सराव करून घेण्यात आला. त्यात मान मोडून ती कायमची अपंग झाली. ही दुर्घटना ट्विस्टीजची नव्हती. तथापि शरीराची तयारी नसताना स्पर्धेसाठी उडी मारण्याची किंमत तीतून दिसते.

पुनरागमन

सुमारे दोन वर्षांच्या विरामानंतर बाइल्स ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धेत परतली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) तिने सांघिक, वैयक्तिक सर्वसाधारण व व्हॉल्ट या प्रकारांत सुवर्णपदके आणि फ्लोअर प्रकारात रौप्यपदक मिळवले.